सुरी मलाच का लावली?

मित्रांनो, मी जुनी आहे आणि मी रागावलेली आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाची फसगत नको. जुन्या वस्तूने आपली कहाणी सांगताना गोड बोलावे, दोन उसासे टाकावेत आणि सगळ्यांचे भले चिंतून गप्प बसावे, अशी तुमची अपेक्षा असते. माझ्याकडून ते व्हायचे नाही. माझ्या अंगावर तीन जखमा आहेत. त्या मेणाने बुजवल्या आहेत, आणि ऊन तापले की ते मेण पाघळते. मेण पाघळले की माझा राग पुन्हा ताजा होतो.

मी गाईता आहे, म्हणजे निवडुंगाची लांब बासरी. मला उभी धरून वाजवतात. आम्ही नेहमी जोडीने जन्मतो, एक मादी आणि एक नर. मी मादी. मला पाच छिद्रे आहेत, गाण्याची चाल मी वाजवते. माझ्या जोडीदाराला दोनच छिद्रे, त्यातलेही एक मेणाने बंद केलेले. तो एका हाताने वाजतो, कारण वाजवणाऱ्याच्या दुसऱ्या हातात खुळखुळा असतो. मी बोलते आणि तो हुंकार देतो. त्याचा हुंकार नसेल तर माझे बोलणे म्हणजे भिंतीशी बडबड. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढचे सगळे रामायण त्यावरूनच घडले.

मला एउतिमिओ आर्रिएताने घडवले. कोलंबियात, समुद्रापासून थोडे आत, मोंतेस दे मारियाच्या डोंगरांत आरोयो सेको नावाचे आमचे गाव आहे. तिथे एकतीस वर्षांपूर्वी, उतरत्या चंद्राच्या दिवसांत, त्याने एक उंच निवडुंग निवडून कापला. चढत्या चंद्रात कापलेल्याला कीड लागते, अशी आमच्याकडे सगळ्यांची खात्री आहे. त्याने काटे सोलले, मला सावलीत वाळवले आणि लोखंडी सळईने आतला गाभा ढोसून ढोसून बाहेर काढला. मग मधमाश्यांचे मेण आणि कोळशाची पूड एकत्र मळून माझे काळे डोके केले आणि फुंकर जाण्यासाठी त्यात बदकाच्या पिसाचा देठ खोचला. त्याची बायको दिओसेलिना अंगणात मागावर बसून झोपायच्या झोळ्या विणत होती. तिथूनच ती म्हणाली, "स्वतःच्या डोक्यात कोळसा भरलाय तेवढा पुरे नव्हता वाटतं, म्हणून आता तिच्याही डोक्यात भरतोयस!"

छिद्रे कुठे पाडायची हे कुठल्या पट्टीवर लिहिलेले नसते. एउतिमिओने माझ्यावर आपली बोटे आडवी ठेवली, वीत टाकली आणि जिथे बोट सहज पडले तिथे तापलेली सळई टेकवली. म्हणून माझा सूर दुसऱ्या कुठल्याही वाद्याचा नाही. तो त्या एका माणसाच्या हाताचे माप आहे.

छिद्रे पाडली की ती कोरून सुरात आणायची असतात. त्याची एक रीत आहे आणि ती आमच्या डोंगरात कुणी मोडत नाही. मादीला सुरी लावायची तर शेजारी तिचा नर वाजत असला पाहिजे. एकाने नर फुंकायचा, दुसऱ्याने मादी थोडी कोरायची, ऐकायचे, पुन्हा थोडी कोरायची, आणि दोघांचे पटले की सुरी खाली ठेवायची. त्या दिवशी माझ्या जोडीदाराला उबाल्दो फुंकत होता. तो एउतिमिओचा लहानपणापासूनचा मित्र. सकाळी बसला तो ऊन कलेपर्यंत बसला. शेवटी त्याचे गाल दुखायला लागले, पोटात कावळे ओरडायला लागले.

"अरे, लग्न लावतोयस की घटस्फोट?" तो ओरडला. "पटलंय त्यांचं कधीचं! सोड आता, जेवू दे मला!"

आमचे खरोखरच पटले होते. तसे पटणे मी पुढच्या तीस वर्षांत दुसऱ्या कुठल्या जोडीत ऐकले नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, कारण त्यात माझे कर्तृत्व काहीच नव्हते.

मग आमची कामाची वर्षे सुरू झाली. लग्नात आम्ही, ऑगस्टच्या उत्सवात आम्ही, कुणी गेले की नवव्या दिवशी त्याच्या दारात आम्ही. एउतिमिओ मला वाजवायचा आणि उबाल्दो माझ्या जोडीदाराला. लोक एउतिमिओला खांद्यावर घेत आणि उबाल्दो खालून ओरडे, "त्याला घ्या, त्याला घ्या! मी आपला हुंकार देतो!" सगळे हसत. मला तेव्हाही वाटायचे की हे हसण्यावारी नेऊ नये.

पुढे डोंगरात बंदुका आल्या. त्या वर्षांबद्दल मी फार बोलणार नाही. एका सकाळी सगळ्या गावाला दुपारच्या आत निघून जायला सांगितले. दिओसेलिनाने माग सोडला, कोंबड्या सोडल्या, चुलीवरचे युकाचे कंद तसेच उकळत सोडले. आम्हा दोघांना मात्र तिने एका झोळीत गुंडाळून पाठीला बांधले. कार्ताहेनाच्या एका वस्तीत पत्र्याच्या छपराखाली आम्ही चार वर्षे काढली. तिथे एउतिमिओ आम्हाला वाजवत नसे. रोज फक्त एकदा फुंकून बघे, तडा गेला नाही ना म्हणून. गावी परतलो तेव्हा दिओसेलिनाने आधी दोन खुंट्या ठोकल्या, आमच्यासाठी, आणि मग चूल मांडली.

अशा घरातली मी. आणि मला सुरी लागली ती याच घरात.

मागच्या वर्षी उबाल्दो झोपेतच गेला. त्यानंतर तीन महिन्यांनी एउतिमिओला झटका आला. त्याची डावी बाजू लुळी पडली आणि तोंड वाकडे झाले. तोंड हळूहळू सावरले, डावा हात काही सावरला नाही. पाच छिद्रांच्या गाईताला दोन हात लागतात. एउतिमिओने मला आठ महिने खुंटीवरून काढले नाही. माझ्या मेणावरून मुंग्या फिरत, आणि तो खालच्या खुर्चीत बसून माझ्याकडे पाठ करत असे. मला त्याचा राग आला नाही. तेव्हा मला राग यायचा तो त्याच्या हाताचा.

मग त्याची भाची युरानिस आली. ही त्याच्या बहिणीची मुलगी. लहानपणी मामाच्या अंगणात माझ्यावरच फुंकर घालायला शिकली आणि मोठी होऊन बारान्कियाला ध्वनिमुद्रण शिकायला गेली. घरात पाऊल टाकताच तिने दोन्ही खुंट्यांकडे पाहिले, जोडीदाराला उतरवले आणि मामाच्या मांडीवर ठेवले.

"मामा, एक हात आहे ना तुझा? मग नर घे. तो एकाच हाताचा आहे."

"आणि खुळखुळा कोण वाजवणार? तुझा बाप?"

"खुळखुळा राहू दे. तू नुसता हुंकार दे. बाईला मी वाजवते."

त्याने बरेच आढेवेढे घेतले. शेवटी उजव्या हाताने जोडीदाराला तोंडाशी नेले. फुंकर जरा गळत होती, पण सूर होता. युरानिसने माझ्यात फुंकले आणि आठ महिन्यांनी आम्ही दोघे पुन्हा बोललो. दिओसेलिनाचा माग थांबला. ती आत गेली आणि बराच वेळ भांडी आपटत राहिली. तिला रडू आले की ती भांडी आपटते.

त्या दिवसापासून एउतिमिओ पुन्हा दाढी करायला लागला. रोज दुपारी चार वाजता तो अंगणात खुर्ची मांडून बसे आणि युरानिस यायला पाच मिनिटे उशीर झाला तरी शिव्या घाले. मित्रांनो, एकट्या नराला काही अर्थ नसतो. मी सुरात असेन तर तो माणूस वादक होता, नाहीतर एका हाताचा म्हातारा. हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होते. युरानिसलाही ठाऊक होते.

आणि मग यंत्र आले, विजेवर ठोके आणि सूर काढणारे. यंत्राबरोबर निकोलास आला, युरानिसचा शिक्षणातला सोबती, थंड हवेच्या राजधानीचा, बोगोताचा. आमच्याकडे बोगोताच्या माणसाला कचाको म्हणतात, आणि म्हणताना कुणी फार आदर दाखवत नाही. दिओसेलिनाने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले.

"एवढ्या उन्हात काळे बूट? पायांची भाजी होईल रे तुझ्या, कचाको."

"सवय आहे मावशी," निकोलास म्हणाला. तोवर त्याच्या शर्टातून घाम टपकायला लागला होता.

युरानिसच्या मनात असे होते की आमच्या जुन्या चाली आणि यंत्राचा नवा ठोका एकत्र आणायचा. उत्सवात यंदा अशा नव्या वाजवण्यासाठी एक वेगळी पाळी ठेवली होती. तिथे ती मला वाजवणार, एउतिमिओ जोडीदाराला आणि निकोलास यंत्राला. खोटे कशाला बोलू? यंत्राचा तो खोल ठोका मला आवडला. फरशीतून आला आणि माझ्या पोटात घुमला. मी ढोलांच्या शेजारी वाढलेली, मी ठोक्याला का नाही म्हणू? एउतिमिओही खूश झाला. "याचा ढोलवाला दारू पीत नाही," तो म्हणाला, "अर्धं भांडण तिथंच मिटलं." तेव्हा मला यंत्राची वैरीण ठरवू नका. माझा राग यंत्रावर कधीच नव्हता.

पहिली ठिणगी मुद्रणाच्या वेळी पडली. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून त्यांनी माझे वाजणे टिपून घेतले. नंतर निकोलास हेडफोन कानाला लावून ऐकत बसला आणि म्हणाला, "मध्ये मध्ये हा 'हुप्' असा आवाज येतोय. कचरा आहे. काढून टाकू." त्याने बोटाने कसलेसे बटण दाबले आणि एकेक 'हुप्' पुसून टाकला.

तो 'हुप्' म्हणजे श्वास होता, मित्रांनो! फुंकणाऱ्या बाईने दोन ओळींच्या मध्ये घेतलेला श्वास! माणसाने श्वास घेतला याला कचरा म्हणतात, हे मी एकतीस वर्षांत पहिल्यांदा ऐकले.

एवढ्यावर थांबला असता तरी चालले असते. त्याने माझा एकेक सूर वेगळा कापून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर बसवला. मग एका बोटाने पट्टी दाबली आणि मी वाजले. मी शेजारी मेजावर आडवी पडले होते, माझ्यात कुणाची फुंकर नव्हती, आणि तरी मी वाजत होते, मिनिटामागून मिनिट, एकदाही न थांबता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला पाय नाहीत, आणि मस्तक मेणाचे असल्यामुळे ते परवडणारेही नव्हते. मी राग गिळला. निदान उत्सवात मला खरोखर फुंकणार आहेत, अशी मनाची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी युरानिसने मला वाजवताना समोर फोन ठेवला. फोनवर एक काटा दिसतो. सूर यंत्राच्या मापात असला की तो मधोमध येऊन हिरवा होतो, नाहीतर बाजूला लाल होऊन थरथरतो. माझ्यासाठी तो लालच राहिला.

"वाद्य बेसूर आहे," निकोलास म्हणाला. "थोडं खाली वाजतंय. ठोक्यावर हे बसायचं नाही."

मी बेसूर? माझ्या सुरावर अर्ध्या गावाची लग्ने लागली, अर्ध्या गावाची माणसे पोचवली गेली! आणि बेसूर म्हणजे कुणाच्या मानाने बेसूर? हा प्रश्न त्या खोलीत कुणीच विचारला नाही. मला विचारता येत नव्हता, कारण कुणी फुंकल्याशिवाय मी मुकी असते. युरानिसला विचारता येत होता. तिने सुरी उचलली.

भर दुपार होती. मामा झोपला होता, मामी बाजारात गेली होती. युरानिसने मला मांडीवर घेतले आणि माझ्या वरच्या तीन छिद्रांच्या कडा कोरायला सुरुवात केली. आणि जी गोष्ट मला आजही सहन होत नाही ती ही, की तिने रीत पाळली. कोरताना शेजारी कुणीतरी वाजत असले पाहिजे, म्हणून तिने यंत्राला एक लांब सूर लावून वाजत ठेवले. मामाने शिकवल्यासारखे थोडे कोरले, ऐकले, पुन्हा थोडे कोरले. हात हलका ठेवला. घाई केली नाही. काटा हिरवा झाला तेव्हा सुरी खाली ठेवली. सगळे अगदी रीतीप्रमाणे. फक्त माझ्या जोडीदाराच्या जागी यंत्र होते. जोडीदार पलीकडच्या खोलीत खुंटीवर होता. दहा पावलांवर.

चार वाजले. एउतिमिओ दाढी करून, धुतलेला शर्ट घालून अंगणात बसला. युरानिसने मला तोंडाला लावले. पहिल्याच ओळीला आम्हा दोघांचे सूर एकमेकांना घासले आणि मध्ये एक ओंगळ थरथर उभी राहिली. एउतिमिओ थांबला. त्याने पिसाचा देठ पुसला, ओठ ओले केले, पुन्हा फुंकले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्याने डोळे मिटून फुंकले आणि मग जोडीदाराला मांडीवर ठेवले.

"तू वाजव पोरी, तुझं बरोबर आहे," तो म्हणाला. "माझं तोंड गेलंय. परत वाकडं व्हायला लागलंय."

युरानिसचा चेहरा पांढरा पडला. तिला त्याच क्षणी कळले होते, मी तिच्या हातात होते, तिची बोटे गार पडलेली मला लागली. आता बोलेल, मला वाटले. आता तरी बोलेल.

"नाही रे मामा," ती म्हणाली, "आज दमला असशील."

सुरीपेक्षा हे जास्त लागले. एउतिमिओ उठला, भिंतीला धरत धरत आत गेला आणि त्याने स्वतःच्या हाताने जोडीदाराला खुंटीवर टांगले. "उत्सवात तुम्ही दोघंच वाजवा," तो म्हणाला. "माझं संपलं."

पुढचे तीन दिवस त्याने दाढी केली नाही. चार वाजत आणि अंगण रिकामे राही. सकाळी मी त्याला आरशासमोर पाहिले. गाल फुगवून, ओठांचा चंबू करून तो हवेत फुंकत होता, कुठून गळते आहे ते शोधत होता. नेहमीपेक्षा जास्त काही गळत नव्हते! त्याचे तोंड ठीक होते! मी समोरच्या भिंतीवर टांगलेली, अंगभर रागाने भरलेली, आणि एक शब्द बोलता येईना. युरानिस खाली मान घालून घरात वावरत होती आणि यंत्राशी चाळा करत होती. मी तिला शाप दिले. तिला लहानपणी पहिली फुंकर मी घालू दिली, म्हणून स्वतःलाही दिले.

चौथ्या दिवशी सकाळी दिओसेलिना भिंती झटकायला आली. मला उतरवले, फडका फिरवला आणि थबकली. एकतीस वर्षे बोटे घासून माझ्या छिद्रांच्या कडा काळ्या तुळतुळीत झाल्या आहेत. त्यातल्या तीन कडा पांढऱ्या दिसत होत्या.

"उंदरानं कुरतडलं का काय," ती पुटपुटली. मग उजेडात जाऊन तिने कडेवरून अंगठा फिरवला आणि तिचा आवाज चढला. "हा उंदीर बारान्कियात शिकलेला दिसतोय. युरानिस! इकडे ये. तुझा कचाकोही घेऊन ये. आणि एउतिमिओ, तूही ऊठ. तोंडाला काही झालं नाहीये तुझ्या!"

सगळे अंगणात जमले. दिओसेलिनाने मला एउतिमिओच्या हातात दिले. त्याने डोळ्याजवळ नेऊन माझी तिन्ही छिद्रे एकेक करून पाहिली. युरानिस रडायला लागली.

"मामा, मी केलं. यंत्राच्या सुरात आणायला. मला वाटलं, एवढंसं कोरलं तर..."

"चार दिवस," एउतिमिओ म्हणाला. त्याचा आवाज अगदी हळू होता. "चार दिवस मी आरशात तोंड बघतोय. माझं म्हातारपण तुला दिसत होतं ना गं? आणि तू म्हणालीस, दमला असशील."

एउतिमिओ निकोलासकडे वळला.

"तू सांग रे. हे तुझं यंत्र. ते कुठल्या लाकडाचं आहे?"

"लाकूड नाहीये त्यात, मामा."

"मग त्याचा सूर खाली आणायचा तर काय कोरावं लागतं?"

"काही कोरावं लागत नाही," निकोलास म्हणाला. "एक आकडा असतो. तो फिरवला की..." आणि तो मध्येच थांबला.

"की काय?"

"की सगळा सूर खाली येतो. हवा तेवढा."

"किती वेळ लागतो?"

निकोलासने आपल्या काळ्या बुटांकडे पाहिले. "लागत नाही वेळ," तो म्हणाला.

"मग माझ्या बाईला सुरी का लावली?" एउतिमिओ ओरडला. झटक्यानंतर त्याचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता. "त्याला नुसता एक आकडा फिरवायचा होता! हिला उगवायला आणि वाळायला किती वर्षं लागली माहितेय? का कापलीस तिला?"

"सुचलंच नाही, मामा," युरानिस म्हणाली. "खरंच सुचलं नाही. सगळे यंत्राला धरूनच चालतात. काटा लाल झाला की चूक आपलीच, असंच शिकलो आम्ही."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सगळ्यात भयंकर वाक्य कुठले म्हणाल तर हे. दुष्टपणा असता तर मी समजून घेतला असता. पण यांना सुचलेच नव्हते.

कापलेला निवडुंग पुन्हा भरून येत नाही. त्याच दुपारी दिओसेलिनाने मेण आणि कोळसा मळला. एउतिमिओ खुर्चीत बसून जोडीदाराला फुंकत राहिला. माझे खालचे टोक दिओसेलिनाने धरले आणि युरानिस काडीच्या टोकाने माझ्या कडांवर मेण बसवत गेली. एकदा बसवायचे, मला फुंकायचे, ऐकायचे, पुन्हा खरवडायचे. एउतिमिओ दर वेळी मान हलवून नाही म्हणे. जवळजवळ साडेतीन तास तो त्या गळक्या फुंकरीने वाजत होता, त्याचे ओठ सुजले, आणि तरी त्याने नाही म्हणणे सोडले नाही. शेवटी एकदा आमच्यातली थरथर विरली. मी बोलले आणि जोडीदाराने हुंकार दिला. एउतिमिओने देठावरून तोंड काढले आणि तिघांकडे पाहिले.

"लग्न लागलं," तो म्हणाला. "जेवायला वाढा."

दिओसेलिना आत गेली आणि भांडी आपटू लागली. मग निकोलासने यंत्राचा आकडा फिरवला. खाली, अजून खाली, आमच्या दोघांच्या सुरापर्यंत. पापणी लवेपर्यंत झाले. ते पाहून माझा राग दुप्पट झाला, हे मी लपवत नाही.

उत्सवात आमची पाळी दुपारी तीनला आली. चौकात पत्र्याचे छप्पर घातलेला मंच, वर ऑगस्टचे ऊन. आम्ही सुरू केले तेव्हा सगळे जमून आले होते. यंत्राचा ठोका खालून येत होता, जोडीदाराचा हुंकार शेजारून, आणि युरानिसची फुंकर माझ्यात भरलेली होती. तिच्या प्रत्येक ओळीनंतर 'हुप्' असा श्वास मोठ्या कर्ण्यांतून चौकभर ऐकू जात होता. निकोलासने यावेळी तो पुसायचे धाडस केले नाही. म्हातारी माणसे खुर्च्यांवरून उठली. तरुण आधीच नाचत होते.

आणि दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर मला जाणवले की माझे मेण मऊ होते आहे. छपराच्या उष्णतेने ते कडांवरून हळूहळू ओघळू लागले, छिद्रे मोठी होऊ लागली आणि माझा सूर वर सरकू लागला. युरानिसचे डोळे विस्फारले. तिचे दोन्ही हात माझ्यावर गुंतलेले, थांबायला वाव नाही. एउतिमिओने ऐकले. त्याने गाल ताणले आणि जोरात फुंकायला सुरुवात केली, कारण जोर वाढवला की आमचा सूर थोडा चढतो. अर्ध्या अंगाने लुळा तो माणूस माझ्यामागून वर वर चढत होता, मानेच्या शिरा टरारल्या होत्या. आम्ही दोघे एकत्र सरकत होतो, आणि यंत्र मात्र खाली, आपल्या जागी बसून होते.

"आकडा!" दिओसेलिना मंचाखालून किंचाळली. "कचाको, आकडा फिरव ना! बघतोस काय!"

निकोलासने फोनवरच्या काट्याकडे पाहिले नाही. तो एउतिमिओच्या गालांकडे पाहू लागला. गाल जरा ताणले की तो आकडा जरा वर नेई. पुन्हा ताणले, पुन्हा वर. त्याच्या कपाळावरून घाम वाहत होता आणि काळ्या बुटांत पायांची खरोखरच भाजी झाली असणार. पण गाणे संपेपर्यंत त्याने एकदाही त्या म्हाताऱ्याच्या तोंडावरची नजर काढली नाही. माझ्या डोळ्यांदेखत पहिल्यांदाच ते यंत्र कुणासाठी तरी हलत होते.

लोकांनी एउतिमिओला खांद्यावर घेतले. जोडीदार त्याच्या हातात होता. खांद्यावर नेहमी मादी वाजवणाराच चढतो. हुंकार देणाऱ्याला आमच्या गावाने खांद्यावर घेतलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. उबाल्दो असता तर त्याने आधी शिवी दिली असती आणि मग रडला असता.

खाली उतरल्यावर निकोलास त्याच्याजवळ आला. "मामा, शेवटी आकडा कितीवर होता ते लिहून ठेवतो. उद्याला उपयोगी पडेल."

"लिहू नकोस," एउतिमिओ म्हणाला. "उद्याचं ऊन वेगळं असेल. उद्या परत माझ्याकडे बघ."

माझा राग गेला का, असे तुम्ही विचाराल. नाही गेला. तो जावा अशी माझी इच्छाही नाही. युरानिस आता दर वेळी वाजवण्याआधी माझ्या जखमा भरते आणि भरताना मामाला शेजारी फुंकायला बसवते. तिचा हात आता काळजीने चालतो, हे मला कळते. तरीही मी तिला तिन्ही पांढऱ्या कडा पुन्हा पुन्हा दाखवते. तिने ते विसरू नये, म्हणून मी रागावलेलीच राहणार आहे.

मित्रांनो, तुमच्याही हातात कधीतरी एखादी जुनी वस्तू येईल, एखादे जुने गाणे येईल, एखादे म्हातारे माणूसही येईल. ते तुमच्या काट्यावर लाल दिसेल. सुरी तुमच्या जवळच असेल, आणि तुमचा हेतूही चांगला असेल. सुरी उचलू नका असे मी म्हणत नाही. फक्त त्याआधी पलीकडच्या खोलीत जाऊन या आणि तिथे खुंटीवर कोण टांगलेले आहे ते बघून या. फार लांब नसते. दहा पावले असतात.